एन्नोरच्या शेडमधलं गोडं पाणी

या अंकाच्या संपादकांनी फोनवर विषय सुचवला तो असा: 'जिवाणूंपासून बॅटरी, एका मराठी संशोधिकेची यशोगाथा'. मी म्हटलं, लेख देते, पण यशोगाथा हा शब्द कुठेही छापायचा नाही. त्यांना वाटलं, बाई विनयानं बोलताहेत. विनयाचा इथे काही संबंध नाही. मला त्या शब्दाचा संताप येतो, आणि का येतो ते सांगायचं तर एन्नोरच्या शेडची हकीकत सांगावी लागेल. निवृत्त होऊन काही वर्षं झाली, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तरी हा राग उतरलेला नाही.

मी मूळची मिरजेची. सूक्ष्मजीवशास्त्र शिकले, लग्न झालं, यजमान बँकेत होते, त्यांची बदली चेन्नईला झाली आणि आम्ही इथलेच झालो. मला इथल्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथली सगळी माणसं वाईट नव्हती, आणि जी होती ती आता दुसऱ्या संस्थांमध्ये आणखी वरच्या खुर्च्यांवर आहेत.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, कारण सासरच्या मंडळींत अजून 'वहिनी बॅटरीत जंतू घालायच्या' असंच बोललं जातं. बॅटरीत जंतू नसतात.

चेन्नईत राहणाऱ्याला बोअरवेलचं पाणी माहीत असतं. वर येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ, बादलीत थोडा वेळ ठेवलं की पिवळट, मग तांबूस. पांढरी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, त्यात चार वेळा धुतली की चहात बुडवून काढल्यासारखी दिसते. त्या पाण्यात लोखंड विरघळलेलं असतं. मैलापूर म्हणजे सोवळ्या, शाकाहारी लोकांचा जुना भाग, तिथल्या आमच्या इमारतीत उन्हाळ्यात बोअरच्या मोटरचा पाइप तुंबायचा. प्लंबर तो उपसून अंगणात झटकायचा आणि आतून लोण्यासारखा मऊ, गेरूच्या रंगाचा गाळ पडायचा. शेजारणी नाकाला पदर लावून बाजूला व्हायच्या. एकदा मी रिकामी बरणी घेऊन खाली गेले आणि तो गाळ भरून वर आणला. यजमानांनी बरणीसाठी टेबलावर जागा केली. त्यांना सवय होती.

सूक्ष्मदर्शकाखाली तो गाळ म्हणजे नळ्यांचा ढीग दिसतो. केसापेक्षा कितीतरी बारीक, आतून पोकळ नळ्या. लोखंडाच्या पाण्यात राहणारे जिवाणू त्या बांधतात. पाण्यातलं विरघळलेलं लोखंड ते गंजवतात आणि तो गंज स्वतःभोवती लिंपत जातात. मग जिवाणू नळीतून निघून पुढे जातो, तिथे नवी नळी बांधतो, मागे रिकामं घर राहतं. आम्हाला हवं होतं ते हे रिकामं घर.

मोबाइलच्या बॅटरीत दोन पातळ पत्रे असतात, एक धन बाजूचा, एक ऋण बाजूचा, आणि दोन्हींवर पुडीचा लेप दिलेला असतो. चार्ज करताना लिथियम धन बाजूच्या लेपातून निघून ऋण बाजूच्या लेपात जाऊन बसतं, वापरताना परत येतं. ऋण बाजूला सहसा ग्राफाइट असतं. गंजाच्या लेपात ग्राफाइटपेक्षा जास्त लिथियम मावतं, पण त्याला एक खोड आहे. लिथियम आत शिरलं की तो फुगतो, बाहेर पडलं की आक्रसतो, आणि असं होता होता लेपाला भेगा पडतात. लेप पोकळ नळ्यांचा असेल तर फुगायला आतल्या आत जागा मिळते. अशा नळ्या कारखान्यात बनवायच्या तर भट्टी पेटवावी लागते, जहाल रसायनं लागतात. जिवाणू त्या साध्या पाण्यात बसल्या जागी बनवतात. आम्ही त्या धुवायच्या, वाळवायच्या, काजळीत मिसळायच्या आणि तांब्याच्या पत्र्यावर लेप द्यायचा. वाचायला हे सोपं वाटतं. आमची त्यात अर्धी नोकरी गेली.

त्या पुडीपासून सेल बनवण्याचं काम श्रीनिवासरावांचं. ते रसायनतज्ज्ञ, कुंभकोणमकडच्या तंजावरी मराठी घराण्यातले. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या त्या घरांत एक जुनी मराठी टिकून आहे. रावांचं वाक्य बखरीसारखं सुरू व्हायचं आणि तमिळ हेलात संपायचं. मी पहिल्यांदा त्यांना सूक्ष्मदर्शकातून नळ्या दाखवल्या तेव्हा ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाई, हे बरें घर बांधतात. आमच्या कॉलनीच्या काँट्रॅक्टरास दाखवावयास हवें."

आम्ही दोघांनी मिळून बटणाएवढे सेल केले. पहिल्याच चार्जिंगला त्यांची बरीच ताकद वाया जायची. राव लेपाचं प्रमाण बदलत राहिले, मी जिवाणूंचं खाणंपिणं बदलत राहिले. शेवटी असे सेल झाले की जे चार्ज व्हायचे, उतरायचे, परत चार्ज व्हायचे आणि दमायचे नाहीत. त्या दिवशी रावांनी घरून आणलेला दहीभात मला अर्धा दिला. आमच्याकडे जल्लोष म्हणतात तो एवढाच.

हे सेल बाहेरच्या कुणाकडून तपासून घ्यायचे म्हणून आम्ही अंबत्तूरला गेलो. तिथल्या औद्योगिक वसाहतीत स्कूटरचे बॅटरी पॅक जुळवणारे एक गृहस्थ होते. कपाळावर ठसठशीत वैष्णवी नाम, टेबलावर देवाचा फोटो आणि त्याच्या शेजारी व्होल्टमीटर. त्यांनी माझं सगळं बोलणं लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, जिवाणू धुताना मरतात की आधीच निघून जातात? मी म्हटलं, बहुतेक नळ्या रिकाम्याच असतात.

"म्हणजे हत्या नाही," ते समाधानानं म्हणाले. "मग हिरवा ठिपका लावता येईल."

मी म्हटलं, स्कूटर कुणी खात नाही. ते म्हणाले, "मॅडम, मला ती मैलापुरात विकायची आहे."

हसण्यासारखा प्रसंग आहे, पण या गृहस्थांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांनी सेल स्वतः तपासले आणि तोंडावर सांगितलं की माल चांगला आहे, पण स्कूटर ओढायला अजून बराच अवकाश आहे, सध्या यावर दिवा लावा. इतकं सरळ उत्तर मला नंतर कुणाकडून मिळालं नाही.

पुढचं सगळं बिघडलं ते आमच्या संचालकांच्या एका वाक्यामुळे. चेन्नईच्या उत्तर टोकाला, एन्नोरला खाडीच्या काठी लोखंडी तारा बनवणारा एक कारखाना होता. तार ओढायच्या आधी सळईवरचा गंज अ‍ॅसिडनं धुवावा लागतो. त्या धुण्याच्या पाण्यात लोखंड भरपूर असतं आणि ते पाणी या ना त्या वाटेनं खाडीत जात असे. कारखान्याचे जनरल मॅनेजर एका समारंभात आमच्या संचालकांना भेटले, आणि संचालक परत आले ते वाक्य घेऊनच: "त्यांचं सांडपाणी हेच आपल्या जिवाणूंचं जेवण." ते प्रत्येक बैठकीत हे म्हणायचे आणि लोक माना डोलवायचे. मलाही तेव्हा वाक्य आवडलं होतं. खाडीतलं विष कमी होईल, आपला माल तयार होईल, याहून चांगलं काय असतं?

एन्नोरला कोळ्यांच्या वस्तीला लागून शेड उभी राहिली. आत टाक्या, पंप, गाळण्या. बाहेर हिरव्या रंगाचा भला मोठा फलक. टाक्या घासायला आणि झाडलोटीला वस्तीतल्या सेल्वी नावाच्या बाईला ठेवलं. सेल्वी चाळिशीची, काटक. खाडीत कमरेएवढ्या पाण्यात बसून हातानं चाचपत कोळंबी पकडणाऱ्या बायका तिथे असतात, टोपली दातांत धरतात. सेल्वी त्यांतली. कोळंबी कमी झाली आणि पाण्यानं पायाची कातडी सोलवटायला लागली, तेव्हा ती आमच्याकडे आली. नवऱ्याची होडी वाळूवर पालथी पडलेली असे आणि तिच्यावर तो जाळं शिवत बसलेला असे, ते जाळं कशासाठी हे तिलाही माहीत नव्हतं. वस्तीला कारखान्याच्या माणसांनी सांगितलं होतं की शेड झाली की खाडी पूर्वीसारखी होईल. सेल्वी मला विचारायची, कधी होईल? मी म्हणायचे, आधी टाक्या तरी चालू देत.

टाक्या चालेनात. प्रयोगशाळेत मी जिवाणूंना अगदी थोडं लोखंड पाजत होते. कारखान्याचं पाणी त्यांच्यासाठी तेजाब होतं. चुन्यानं त्याचा तिखटपणा मारला तरी त्यात लोखंड इतकं की जिवाणू गुदमरून मरायचे. एकच उपाय होता, पातळ करणं. खाडीचं पाणी खारं, ते या जिवाणूंना चालत नाही. आसपासच्या बोअरांनाही खारं पाणी लागलेलं. म्हणजे गोडं पाणीच हवं, आणि ते किती, तर बादलीभर सांडपाण्याला टाकीभर.

मी हे संचालकांना स्पष्ट सांगितलं. सांडपाणी खाऊन टाकणारी ही योजना प्रत्यक्षात सांडपाणी चमच्यानं पिते आणि गोडं पाणी पिंपानं, हे माझे शब्द होते. ते म्हणाले, सुरुवातीला प्रत्येक प्रक्रियेत असं होतं, तुम्ही प्रमाण सुधारा, पाण्याची व्यवस्था कारखाना करील. मी समजले, कारखान्यात शुद्धीकरणाचं यंत्र आहे, त्यातून येईल. दुसऱ्या आठवड्यापासून शेडच्या टाकीत पाणी येऊ लागलं. चांगलं पाणी होतं. जिवाणू तरारले. टाकीच्या तळाशी गेरूचा मऊ थर साचायला लागला, आणि रावांनी फोनवर विचारलं, "किडे सुखी आहेत कीं?"

मी आठवड्यातून काही दिवस एन्नोरला जात असे, आणि संस्थेची जीप उशिरा पोहोचायची. एके दिवशी जीप लवकर निघाली. वस्तीच्या तोंडाशी रस्त्याच्या कडेनं प्लास्टिकच्या रंगीत कुडमांची रांग होती. कुडम म्हणजे इथली पाण्याची घागर. निळे, हिरवे, गुलाबी, आणि प्रत्येकापाशी एक बाई उकिडवी बसलेली. एक टँकर आला, रांगेवरून तसाच पुढे गेला आणि आमच्या शेडच्या फाटकातून आत वळला. टँकरच्या पाठीवर तमिळमध्ये लिहिलेलं होतं: वस्तीच्या बंधुभगिनींसाठी, कारखान्याकडून प्रेमपूर्वक.

मी जीपमधून उतरून सेल्वीला विचारलं. ती टाकी घासत होती. हात न थांबवता तिनं सांगितलं की हा टँकर पूर्वीपासून वस्तीसाठी येतो. खाडी बिघडली, विहिरी बिघडल्या, तेव्हा बायकांनी कारखान्याच्या दारात बसून तो मिळवला. शेड सुरू झाल्यापासून तो आधी इथे येतो. उरलं तर वस्तीला, नाहीतर उद्या.

"मला आधी का नाही सांगितलंस?"

"तुमचंच पाणी आहे मॅडम," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हीच मागवलं."

वस्तीतल्या बायका तिच्याशी बोलायच्या बंद झाल्या होत्या, हेही मला तेव्हाच कळलं. पाणी पळवणाऱ्यांकडे काम करते म्हणून.

मी तशीच जनरल मॅनेजरांकडे गेले. मृदू बोलणारे गृहस्थ, समोरच्यासाठी आधी कॉफी मागवणारे. ते म्हणाले, प्रकल्प वस्तीच्याच भल्यासाठी आहे, तेव्हा त्यांनीही थोडा त्याग केला पाहिजे. त्याग हा शब्द त्यांनी कॉफीचा पेला हातात धरून उच्चारला. ज्या बायकांची खाडी गेली, कोळंबी गेली, विहिरी गेल्या, त्यांनी आता घागरही सोडायची, आणि कशासाठी, तर माझ्या जिवाणूंच्या पोषणासाठी! मी कॉफी न पिता उठले. संचालकांना सगळं सांगितलं, तर त्यांचं उत्तर होतं की पाणीपुरवठा हा तुमचा विषय नाही.

मी टँकरच्या ड्रायव्हरला म्हटलं, आधी वस्तीत रिकामा कर, मग इकडे ये. त्यानं माझ्यासमोरच फोन लावला, पलीकडचं ऐकलं आणि पाइप आमच्या टाकीला जोडला. मग मी नळ्या धुतलेलं पाणीच गाळून परत वापरायला सुरुवात केली. पाणी कमी लागलं, माल कमी झाला आणि लगेच संस्थेतून विचारणा आली की उत्पादन का घटलं. पाण्याबद्दल मी जे लिहून दिलं त्याला कुणी उत्तर दिलं नाही.

एवढ्यात कारखान्यानं सळया धुण्याची आणखी एक लाइन टाकायचं ठरवलं. त्यासाठी वस्तीसमोर जनसुनावणी घ्यावी लागते. सरकारी अधिकारी येतात, लोकांनी म्हणणं मांडायचं, ते लिहून घेतलं जातं. संचालकांनी मला बोलावून सांगितलं की तुम्ही तिथे तमिळमधून चार शब्द बोला. खाडीचं पाणी जिवाणू कसं स्वच्छ करताहेत ते सांगा. बाईनं सांगितलं की बायकांना पटतं.

सुनावणी एका शाळेच्या पटांगणात होती, रावही माझ्याबरोबर आले होते. मांडव, पंखे, ताक. मांडवाच्या तोंडाशी एक नवी कोरी इलेक्ट्रिक ऑटो उभी, तिच्यावर पानं-फुलं रंगवलेली आणि वर पाटी: 'ही ऑटो जिवाणूंनी बनवलेल्या बॅटरीवर धावते'. अधिकारी तिच्यात बसून पटांगणाला चक्कर मारत होते. मी रावांकडे बघितलं. राव खाली वाकले, सीटखाली बघितलं, आणि उठून चष्मा पुसू लागले. पॅक अंबत्तूरचा होता. आमच्या त्या नाम लावणाऱ्या गृहस्थांकडून कुणीतरी रोख पैसे मोजून विकत आणलेला, नेहमीच्या बाजारातला. शेडमध्ये तोवर तयार झालेला आमचा सगळा माल स्टीलच्या एका डब्यात मावत होता आणि तो डबा रावांच्या कपाटात होता.

मला खरोखर काय वाटलं ते सांगते. टँकरचा राग होताच. पण ती पाटी बघून जो राग आला तो वेगळा होता. आम्ही इतकी वर्षं एकेक सेल तपासून, वाईट आकडा आला तर वाईट म्हणून लिहून, जे काही थोडंफार खरं उभं केलं होतं, ते यांनी ऑटोवर रंगवून टाकलं होतं. चोराला चोरी करताना निदान आपलं नाव लावायची लाज वाटते. इथे नाव आमचं लावलं होतं.

माझं तमिळ भाजीबाजारात शिकलेलं. क्रियापदं चुकतात, आणि बायका हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. मी सांगितलं की मी या शेडची शास्त्रज्ञ आहे. आमचे जिवाणू लोखंड खातात हे खरं आहे. पण कारखान्यातून जेवढं पाणी खाडीत जातं त्यातला चमचाभरसुद्धा आम्ही घेत नाही. तेवढ्यासाठी आम्हाला टाक्याच्या टाक्या गोडं पाणी लागतं आणि ते तुमच्या टँकरमधून येतं. या शेडमुळे खाडी स्वच्छ होणार नाही. आणि ही ऑटो आमच्या बॅटरीवर चालत नाही, आमची बॅटरी अजून एवढीशी आहे, असं म्हणून मी बोटांनी शर्टाच्या बटणाएवढा गोल दाखवला.

माइक कधी बंद झाला ते मला कळलं नाही. मी ओरडून बोलत होते, त्यामुळे शेवटपर्यंत ऐकू गेलं. बायका उठून उभ्या राहिल्या. सेल्वी मागच्या रांगेत होती. तिनं पुढे येऊन अधिकाऱ्याला विचारलं की मॅडम बोलल्या ते लिहून घेतलंत का? त्यानं मान हलवली. ती म्हणाली, मान नको हलवू, लिही. तो लिहीपर्यंत ती त्याच्या टेबलापाशी उभी राहिली.

संस्थेची जीप आम्हाला न घेताच निघून गेली होती. मी आणि राव एन्नोर स्टेशनवर चालत गेलो आणि गाडीत बसलो. दुपारची वेळ, डबा रिकामा होता. राव समोर बसले. मला वाटलं, आता शाबासकी देतील.

"बाई, खरें बोललांत," ते म्हणाले. "पण मला विचारून बोलावयाचें होतें. तें काम माझेंही होतें."

मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता का?

"नाही म्हणालों नसतों. पण तुम्ही मला विचारलें असतें."

मला राग त्यांचा आला नाही. राग आला तो हा की ज्या माणसानं आयुष्यात एक खोटा आकडा लिहिला नाही, त्याचं काम आता बुडणार होतं, आणि ज्यांनी पाटी रंगवली त्यांचं काहीच बुडणार नव्हतं.

झालंही तसंच. प्रकल्पाचं 'उद्दिष्ट पूर्ण झाल्यामुळे' तो संपवण्यात आला. मला ग्रंथालय समितीवर घेतलं. जिवाणूंचे सगळे नमुने सुरक्षिततेच्या नियमांनुसार उकळून नष्ट करायचा आदेश आला. तसे जिवाणू कुठल्याही तुंबलेल्या पाइपात मिळतील. पण आमचे जिवाणू वर्षानुवर्षं थोडं थोडं जास्त लोखंड सोसायला शिकवलेले होते, एका पिढीतून पुढच्या पिढीत. तशी पिढी परत तयार करायला पुन्हा एका नोकरीची सगळी वर्षं घालवावी लागतील. नमुने निर्जंतुक करायच्या यंत्रात मीच ठेवले. शिपायाला सांगितलं असतं तरी चाललं असतं. राव दारात उभे होते. यंत्राची शिट्टी झाल्यावर ते म्हणाले, चला, कॉफी घेऊं. आम्ही कँटीनमध्ये बसलो आणि त्यांच्या मुलीच्या लग्नाबद्दल बोललो. आमची मैत्री तुटली नाही. पण त्यानंतर त्यांनी नवीन काही हातात घेतलं नाही. जुनी यंत्रं दुरुस्त करत राहिले आणि वेळ झाल्यावर निवृत्त झाले.

कारखान्याला नव्या लाइनची परवानगी मिळाली. अटी घातल्या आहेत असं कळलं. अटी कुणी बघतं का, हे कळलं नाही. शेडला कुलूप लागलं. सेल्वीचं काम गेलं.

पण एक गोष्ट झाली, आणि ती मी केलेली नाही, त्यामुळे ती अभिमानानं सांगू शकते. सुनावणीच्या दुसऱ्या दिवशी टँकर नेहमीसारखा शेडकडे निघाला तेव्हा वस्तीतल्या बायका घागरी घेऊन रस्त्यावर आडव्या बसल्या. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, फोन लावले, शिव्या दिल्या. त्या उठल्या नाहीत. शेवटी त्यानं पाइप तिथेच सोडला आणि टँकर रस्त्यातच बायकांच्या घागरींत रिकामा झाला. तेव्हापासून तो वस्तीतच येतो. हे मला सेल्वीनं फोनवर सांगितलं होतं. तिच्याशी बोलायच्या बंद झालेल्या बायकांनी तिला त्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या पुढे बसवलं होतं.

ही सगळी हकीकत लिहायला मी कधी बसले नसते. पण गेल्या पोंगलच्या सुमारास माझ्या भाचीनं मोठ्या कौतुकानं मला मोबाइलवर काहीतरी पाठवलं. त्या कारखान्याचा वार्षिक अहवाल होता, गुळगुळीत, रंगीत. 'मावशी, तुमचा प्रोजेक्ट यात आहे!' एका पानावर शेडचा फोटो, फलकासकट. खाली लिहिलेलं की सूक्ष्मजीवांच्या साहाय्यानं बॅटरीचं साहित्य बनवण्याचा हा पथदर्शी उपक्रम यशस्वी ठरला आणि त्यातून स्थानिकांना स्वच्छ पाणी मिळालं. यशोगाथा हा शब्द तिथे ठळक अक्षरात होता. शेजारी दुसरा फोटो: टँकर, त्याच्या पाइपाभोवती घागरी घेतलेल्या बायका, सगळ्यांत पुढे सेल्वी, दात दिसताहेत. खाली ओळ: 'समाधानाचं हसू'.

मी तो फोटो घेऊन एन्नोरला गेले. सेल्वी आता पहाटे काशीमेडूच्या बंदरावरून घाऊक मासळी आणून बाजारात विकते. खाडीच्या काठी जन्मलेली बाई दुसऱ्या बंदरातली मासळी विकते, यावर मी काही बोलणार होते, पण तिला गिऱ्हाइक होतं. ते गेल्यावर तिनं हात पुसले, फोन घेतला, दोन बोटांनी फोटो मोठा केला आणि स्वतःचा चेहरा बराच वेळ बघितला.

"कोण म्हणतं मी हसतेय?" ती म्हणाली. "अक्का, हा आम्ही टँकर अडवला त्या दिवशीचा फोटो आहे. कारखान्याच्या माणसानं काढला, पोलिसांना द्यायला. मी ड्रायव्हरला शिव्या घालतेय."

तिनं फोन मला परत दिला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला भाव सांगितला.